रेप मूव्हएसबी: एका ओळीमागची तयारी

मेमरीत एका जागी १०० बाइट आहेत आणि ते दुसऱ्या जागी हवे आहेत. असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट एकेक आज्ञा देणारी भाषा, नुकतीच शिकू लागलेला कोणीही इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरसाठी हा प्रोग्राम साधारण असा लिहितो:

मूव्ह सीएक्स, १००
पुढचा: मूव्ह एएल, [एसआय]
मूव्ह [डीआय], एएल
इन्क एसआय
इन्क डीआय
लूप पुढचा

सीएक्स, एएल, एसआय, डीआय ही रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या छोट्या जागा. एक बाइट उचला, ठेवा, दोन्ही पत्ते एकाने वाढवा, मोजणी संपेपर्यंत परत वर जा. यात चूक काहीच नाही. पण हेच काम ८०८६ वर असंही होतं:

सीएलडी
मूव्ह सीएक्स, १००
रेप मूव्हएसबी

इंजिनिअरिंगच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये ब्लॉक ट्रान्सफरचं प्रॅक्टिकल असतं आणि स्ट्रिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे रेप मूव्हएसबीसारख्या आज्ञा, न वापरता व वापरून असा फरक तिथे मुद्दाम केलेला असतो. डिप्लोमाच्या मुलांनाही स्ट्रिंगची लांबी मोजणं, दोन स्ट्रिंग ताडून पाहणं हे दोन्ही पद्धतींनी करावं लागतं. बहुतेकजण दुसरी पद्धत पाठ करतात, कारण ती छोटी आहे. मला वाटतं, ती छोटी का आहे हे नीट कळलं तर पाठ करायची वेळच येत नाही. ‘रेप मूव्हएसबी’ या ओळीत कुठून उचलायचं, कुठे ठेवायचं, किती वेळा आणि कोणत्या दिशेने, यातलं काहीही लिहिलेलं नाही. हे सगळं तुम्ही आधीच ठरलेल्या जागी मांडून ठेवलं आहे असं प्रोसेसर गृहीत धरतो. या इन्स्ट्रक्शनची ताकद या गृहीतात आहे आणि तिच्यामुळे होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुकाही इथूनच येतात.

आधी एक गैरसमज दूर करू. स्ट्रिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाव, वाक्य, मजकूर येतो. प्रोसेसरला मजकुराचं काही पडलेलं नाही. त्याच्या लेखी स्ट्रिंग म्हणजे मेमरीत एकाला लागून एक ठेवलेले बाइट किंवा वर्ड. ते अक्षरांचे असतील, पगाराच्या आकड्यांचे असतील, नाहीतर चित्रातल्या ठिपक्यांचे. म्हणून या इन्स्ट्रक्शनच्या नावात शेवटी बी किंवा डब्ल्यू येतो: बी म्हणजे एका वेळी एक बाइट, डब्ल्यू म्हणजे एका वेळी दोन बाइटचा वर्ड.

मूळ इन्स्ट्रक्शन पाचच आहेत. मूव्हएस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. लॉडस मेमरीतून एएल किंवा एएक्स मध्ये उचलते, स्टॉस एएल किंवा एएक्स मधलं मेमरीत ठेवते. सीएमपीएस मेमरीतल्या दोन जागा ताडून बघते आणि स्कॅस मेमरीतली जागा एएल किंवा एएक्सशी ताडते. बाकी जे काही आहे ते या पाचांभोवतीची व्यवस्था आहे.

इंटेलने ८०८६ जून १९७८ मध्ये आणला. त्याचा इन्स्ट्रक्शन सेट आखण्याचं मुख्य काम स्टीफन मोर्स यांनी केलं. असली कल्पना तोवर अगदीच नवी नव्हती. १९७६ च्या झायलॉग झेड८० मध्ये एलडीआयआर नावाची ब्लॉक हलवणारी इन्स्ट्रक्शन होती आणि तिथेही पत्ते व मोजणी ठरलेल्या रजिस्टरमध्येच ठेवावी लागत. ८०८६ ने याच विचाराचं एक पूर्ण कुटुंब उभं केलं आणि त्यासाठी रजिस्टरना कायमची कामं वाटून दिली. एसआय म्हणजे सोर्स इंडेक्स आणि डीआय म्हणजे डेस्टिनेशन इंडेक्स ही नावं याच कामावरून पडली आहेत.

तर मांडून काय ठेवायचं? उचलण्याचा पत्ता डीएस:एसआय मध्ये. ठेवण्याचा पत्ता ईएस:डीआय मध्ये. किती वेळा, ते सीएक्स मध्ये. दिशा डायरेक्शन फ्लॅगमध्ये, म्हणजे ० किंवा १ धरणाऱ्या एका खुणेच्या बिटमध्ये. आणि इन्स्ट्रक्शनला गरज असेल तर किंमत एएल किंवा एएक्स मध्ये.

डीएस आणि ईएस ही मेमरीचा कोणता भाग ते सांगणारी सेगमेंट रजिस्टर. यातला ईएस सगळ्यात जास्त त्रास देतो. ८०८६ मध्ये एका सेगमेंटचा, म्हणजे मेमरीच्या एका सलग भागाचा, आवाका ६४ किलोबाइटचा. उचलण्याची जागा एका सेगमेंटमध्ये आणि ठेवण्याची दुसऱ्याच सेगमेंटमध्ये असेल, तरी मध्येच सेगमेंट रजिस्टर बदलत बसावं लागू नये, म्हणून सोर्सला डीएस आणि डेस्टिनेशनला ईएस अशी विभागणी केली. सोर्सचा सेगमेंट तुम्ही प्रीफिक्स, म्हणजे इन्स्ट्रक्शनच्या आधी जोडलेला बाइट, लावून बदलू शकता. डेस्टिनेशनचा ईएस मात्र बदलता येत नाही. आता डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ईएक्सई प्रोग्राम सुरू होतो तेव्हा डीएस आणि ईएस हे दोन्ही रजिस्टर प्रोग्राम सेगमेंट प्रीफिक्स नावाच्या २५६ बाइटच्या तुकड्याकडे बोट दाखवत असतात. तुमच्या डेटाकडे नव्हे. डीएस मध्ये डेटा सेगमेंटचा पत्ता भरायला सगळे शिकलेले असतात, कारण त्याशिवाय साधी मूव्हसुद्धा चालत नाही. ईएस भरायचा राहून जातो. मग पहिल्या पद्धतीचा लूप अगदी व्यवस्थित चालतो, कारण त्यात [डीआय] चा पत्ता डीएसवरूनच धरला जातो, आणि त्याच डेटावर रेप मूव्हएसबी लावली की सगळे बाइट भलत्याच सेगमेंटमध्ये जाऊन पडतात. प्रोग्राम कसलीही तक्रार करत नाही. पडद्यावर जुनाच मजकूर दिसत राहतो. त्यामुळे डीएस भरल्याबरोबर लगेच पुढच्या ओळीत ‘मूव्ह ईएस, एएक्स’ लिहायची सवय हातालाच लावून घ्यावी.

आता रेपकडे वळू. रेप ही स्वतंत्र इन्स्ट्रक्शन नाही. तो पुढच्या स्ट्रिंग इन्स्ट्रक्शनला लावलेला एका बाइटचा प्रीफिक्स आहे. तो आधी सीएक्स शून्य आहे का हे बघतो. असेल तर काहीच न करता पुढे जातो. नसेल तर काम एकदा करतो, सीएक्स एकाने कमी करतो आणि पुन्हा बघतो. ‘आधी बघणं’ हा तपशील लहान वाटतो, पण लूपशी तुलना केली की त्याची किंमत कळते. लूप इन्स्ट्रक्शन आधी सीएक्स एकाने कमी करते आणि मग बघते. सीएक्स शून्य असताना लूपमध्ये शिरलात तर तो ० वरून ६५५३५ वर जातो आणि लूप तब्बल ६५५३६ वेळा फिरतो. रेपला शून्य म्हणजे शून्यच.

वेगाचा हिशेबही करून बघू. इंटेलच्या मॅन्युअलप्रमाणे ८०८६ वर रेप मूव्हएसला सुरुवातीचे ९ क्लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, आणि नंतर दर फेरीला १७ क्लॉक लागतात. १०० बाइटसाठी १७०९. वरच्या पाच ओळींच्या लूपमध्ये मेमरीतून उचलायला १३, ठेवायला १४, दोन इन्कला २ आणि २, लूपला १७, असे एका फेरीला ४८ क्लॉक होतात, म्हणजे १०० फेऱ्यांना सुमारे ४८००. शिवाय या आकड्यांत इन्स्ट्रक्शन मेमरीतून आणायचा वेळ धरलेला नाही. लूपमध्ये प्रत्येक उडीनंतर प्रोसेसरने आगाऊ आणून ठेवलेले बाइट टाकून द्यावे लागतात आणि त्याच ओळी पुन्हा आणाव्या लागतात. रेप मूव्हएसबी एकदा आणली की पुढच्या सगळ्या फेऱ्यांत बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, फक्त डेटासाठी मोकळी राहते. बाइटऐवजी वर्ड हलवले तर आणखी निम्मा वेळ वाचतो, कारण सम पत्त्यावरच्या वर्डलाही ८०८६ वर फेरीला १७ च क्लॉक लागतात.

पण बाइटची संख्या विषम असेल तर? यासाठी चार ओळींची एक युक्ती आहे. मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते:

एसएचआर सीएक्स, १
रेप मूव्हएसडब्ल्यू
एडीसी सीएक्स, सीएक्स
रेप मूव्हएसबी

पहिली ओळ सीएक्सला दोनने भागते, आणि उरलेला एक असेल तर तो कॅरी फ्लॅगमध्ये जातो. दुसरी ओळ तेवढे वर्ड हलवते. मूव्हएस कोणत्याही फ्लॅगला हात लावत नाही, त्यामुळे कॅरीमध्ये ठेवलेली बाकी तशीच शाबूत राहते, आणि काम संपल्यावर सीएक्स शून्य झालेला असतो. तिसऱ्या ओळीत शून्य अधिक शून्य अधिक कॅरी, म्हणजे सीएक्स मध्ये ० किंवा १ येतो. चौथी ओळ तेवढा बाइट हलवते आणि ० असेल तर काहीच करत नाही. अट नाही, उडी नाही. मूव्हएस फ्लॅग बदलत नाही आणि रेप शून्याला थांबतो, या दोन साध्या नियमांवर हे सगळं उभं आहे.

रेपबद्दल एक प्रश्न व्हायव्हात हटकून विचारावा असा आहे: रेप मूव्हएसबी चालू असताना इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून दुसरीकडे बघायला लावणारा इशारा, आला तर काय होतं? हा प्रश्न पुस्तकी नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीतला ८०८८, म्हणजे ८०८६ चंच एक रूप, साधारण ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्यावर ६४ किलोबाइट मूव्हएसबीने हलवायला जवळपास पाव सेकंद लागणार, आणि टायमरचा इंटरप्ट तर सेकंदाला सुमारे १८ वेळा यायचा. एवढा वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून स्ट्रिंग इन्स्ट्रक्शन दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबू शकते. त्या क्षणी काम कुठवर आलं हे वेगळं लिहून ठेवावं लागत नाही, कारण एसआय, डीआय आणि सीएक्स यांतच ते लिहिलेलं असतं. इंटरप्टचं काम आटोपलं की प्रोसेसर पुन्हा त्याच इन्स्ट्रक्शनवर येतो आणि उरलेल्या सीएक्सवरून पुढे चालू लागतो. हे डोळ्यांनी बघताही येतं. डॉसच्या डीबग या चुका शोधायच्या प्रोग्राममध्ये टी ही आज्ञा देऊन रेप मूव्हएसबी चालवली तर ती एका फेरीनंतर थांबते आणि सीएक्स एकाने उतरलेला दिसतो. पी दिला तर सगळ्या फेऱ्या एकदम होतात. लिनक्सवर जीडीबी या तशाच प्रोग्राममध्ये स्टेपआय या आज्ञेनेही असंच एकेक फेरी पुढे जाता येतं.

मूळ ८०८६ मध्ये या परतण्यात एक दोष होता. रेप आणि सोर्सचा सेगमेंट बदलणारा प्रीफिक्स असे दोन प्रीफिक्स एकाच इन्स्ट्रक्शनला लावले आणि मध्येच इंटरप्ट आला, तर परत येताना प्रोसेसर फक्त शेवटचा, म्हणजे इन्स्ट्रक्शनला अगदी चिकटलेला प्रीफिक्स लक्षात ठेवायचा. आधीचा गळून जायचा. रेप गळला तर एक बाइट हलवून काम अर्धवट सुटायचं. सेगमेंटचा प्रीफिक्स गळला तर उरलेले बाइट चुकीच्या सेगमेंटमधून उचलले जायचे. इंटरप्ट नेमका त्या क्षणी आला तरच हे घडणार, म्हणून असा बग शोधणं किती जिकिरीचं असेल याची कल्पना करा. खबरदारीचा उपाय म्हणजे प्रीफिक्स लावण्याऐवजी डीएस पुश करून, म्हणजे जुनी किंमत बाजूला ठेवून, त्यात हवा तो सेगमेंट भरायचा आणि काम झाल्यावर जुना पॉप करायचा. पुढच्या पिढ्यांत हा दोष राहिला नाही.

आता दिशा. डायरेक्शन फ्लॅग ० असेल तर प्रत्येक फेरीनंतर एसआय आणि डीआय वाढतात, १ असेल तर कमी होतात. बाइटच्या इन्स्ट्रक्शनमध्ये एकाने, वर्डच्या इन्स्ट्रक्शनमध्ये दोनने. सीएलडी फ्लॅगला ० करते, एसटीडी १ करते. उलट जाण्याची सोय हवी कशाला, असा प्रश्न पडतो. बाकावर पाच मुलं बसली आहेत आणि सगळ्यांनी दोन जागा उजवीकडे सरकायचं आहे, तर उजव्या टोकाच्या मुलाने आधी उठायला हवं. मेमरीतही तसंच आहे. १०० ते १०४ या पत्त्यांवर १, २, ३, ४, ५ हे आकडे आहेत आणि ते १०२ पासून पुढे हवेत असं धरू. सरळ दिशेने गेलो तर पहिल्या फेरीत १ हा १०२ वर जातो आणि तिथला ३ पुसतो. दुसऱ्या फेरीत २ हा १०३ वर जाऊन ४ पुसतो. तिसऱ्या फेरीत १०२ वरून उचलायला जातो तेव्हा तिथे ३ नसतोच, १ असतो. शेवटी १०२ ते १०६ वर १, २, १, २, १ एवढंच उरतं. त्याऐवजी एसटीडी करून, एसआय मध्ये १०४ आणि डीआय मध्ये १०६ ठेवून मागून पुढे आलं की पाचही आकडे सुखरूप पोहोचतात. नियम एवढाच: ठेवण्याची जागा उचलण्याच्या जागेच्या पुढे असेल आणि दोन्ही एकमेकींवर येत असतील तर मागून सुरुवात करा, नाहीतर पुढून. सी भाषेत मेमकॉपी आणि मेममूव्ह अशी दोन वेगळी फंक्शन याच कारणाने आहेत. मेमकॉपीला दोन्ही जागा एकमेकींवर आलेल्या चालत नाहीत, मेममूव्हला चालतात.

वर्ड घेऊन उलट जाताना एसआय आणि डीआय शेवटच्या वर्डच्या पहिल्या बाइटवर ठेवायचे, शेवटच्या बाइटवर नव्हे. इथे अनेकांचा एका बाइटचा घोटाळा होतो.

आणि एसटीडीचं काम झाल्याबरोबर सीएलडी करायलाच हवी. हा फ्लॅग कुणी मुद्दाम बदलेपर्यंत तसाच राहतो, आणि पुढच्या फंक्शनला त्याचा पत्ताही नसतो. एका मोठ्या प्रकल्पात हे कसं भोवतं ते २००८ साली दिसलं. एक्स८६, म्हणजे ८०८६ च्या घराण्यातल्या प्रोसेसरवरच्या, लिनक्सच्या एबीआयमध्ये, म्हणजे फंक्शननी एकमेकांशी कसं वागायचं या करारात, फंक्शनमध्ये शिरताना डायरेक्शन फ्लॅग ० असलाच पाहिजे असं म्हटलेलं आहे. तरीही जीसीसी कंपायलर सावधगिरी म्हणून स्ट्रिंग इन्स्ट्रक्शनच्या आधी स्वतःची सीएलडी घालत असे. मार्च २००८ मध्ये आलेल्या जीसीसी ४.३ ने कराराप्रमाणे ती घालणं बंद केलं. तेव्हा लक्षात आलं की लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, सिग्नल हँडलर (प्रोग्रामला मध्येच सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) सुरू करताना तो फ्लॅग साफच करत नव्हता. मुख्य प्रोग्रामने एसटीडी केलेली असताना नेमका सिग्नल आला, तर हँडलरमधली साधी मेमरी कॉपी उलट्या दिशेने धावणार आणि नको तिथलं पुसणार. कर्नलमध्ये दुरुस्ती करावी लागली. इतकी वर्षं कंपायलरच्या जादा सीएलडीने ही चूक झाकून ठेवली होती.

स्टॉस आणि लॉडस यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण स्टॉसचं एक उदाहरण दाखवल्याशिवाय राहवत नाही. पीसीच्या रंगीत टेक्स्ट मोडमध्ये पडद्यावरचा मजकूर बी८०० या सेगमेंटपासून मेमरीत असतो. ८० स्तंभ, २५ ओळी, म्हणजे २००० अक्षरं, आणि प्रत्येकाला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. ईएस मध्ये बी८००, डीआय मध्ये ०, एएल मध्ये रिकाम्या जागेचा कोड ३२, एएच मध्ये काळ्यावर पांढुरक्या रंगासाठी ७, सीएक्स मध्ये २०००, आणि मग सीएलडी व रेप स्टॉसडब्ल्यू. अख्खा पडदा एका फटक्यात स्वच्छ. लॉडसला मात्र रेप लावण्यात काही अर्थ नाही, कारण प्रत्येक नवा बाइट एएल मधल्या आधीच्या बाइटला पुसत जाईल. तिचा उपयोग लूपच्या आत होतो: लॉडसबीने अक्षर उचला, लहान लिपीतलं असेल तर ३२ वजा करून मोठ्या लिपीतलं करा, स्टॉसबीने ठेवा.

सीएमपीएस आणि स्कॅस या दोघी ताडून बघतात, म्हणून त्यांना रेपचे वेगळे प्रकार लागतात. रेपई म्हणजे सारखे आहेत तोवर चालत राहा, रेपएनई म्हणजे सारखा सापडेपर्यंत चालत राहा. दोन्हींना सीएक्सची मर्यादा असतेच. झिरो फ्लॅग, म्हणजे दोन्ही सारखे निघाले का हे सांगणारा फ्लॅग, प्रत्येक फेरीनंतर बघितला जातो, सीएक्स फेरीच्या आधी. या क्रमातून दोन फसगती निघतात.

पहिली अशी: इन्स्ट्रक्शन थांबली तेव्हा सापडलं म्हणून थांबली की मोजणी संपली म्हणून? हे सीएक्सवरून ठरवायचं नाही. हवं ते अक्षर अगदी शेवटच्या जागी असेल तर तेव्हाही सीएक्स शून्यच होतो. झिरो फ्लॅगलाच विचारायचं, म्हणजे लगेच पुढे जेई (सारखे असतील तर उडी) किंवा जेएनई (नसतील तर उडी) लिहायची. दुसरी: सीएक्स सुरुवातीलाच शून्य असेल तर एकही तुलना होत नाही आणि झिरो फ्लॅग आधीच्या कुठल्यातरी इन्स्ट्रक्शनने ठेवलेला तसाच राहतो. रिकाम्या स्ट्रिंग ताडताना यामुळे उत्तर कधी बरोबर येतं, कधी चूक. आधी जेसीएक्सझेड, म्हणजे सीएक्स शून्य असेल तर उडी मारणारी इन्स्ट्रक्शन, लावून शून्याची वाट वेगळी करावी.

आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगं: अक्षर सापडतं तोवर डीआय एक पाऊल पुढे गेलेला असतो. सापडलेल्या जागेचा पत्ता हवा असेल तर एक डेक डीआय करावी लागते, म्हणजे डीआय एकाने कमी करावा लागतो. सीएमपीएसमध्ये वजाबाकी सोर्समधून डेस्टिनेशनची होते. त्यामुळे नंतर जेए (मोठा असेल तर उडी) लागली तर सोर्समधला बाइट मोठा आहे असा अर्थ घ्यायचा.

शून्याने संपणाऱ्या स्ट्रिंगची लांबी मोजायची जुनी पद्धत यावरच चालते:

मूव्ह एएल, ०
मूव्ह सीएक्स, ६५५३५
सीएलडी
रेपएनई स्कॅसबी
नॉट सीएक्स
डेक सीएक्स

रोमन लिपीतलं ‘पुणे’ घ्या, चार अक्षरांचं. शेवटच्या शून्यासकट पाच बाइट तपासले जातात, त्यामुळे सीएक्स ६५५३५ वरून पाचने उतरून ६५५३० होतो. नॉट सगळे बिट उलटे करतो, म्हणजेच ६५५३५ मधून ६५५३० वजा होतात आणि ५ उरतात. शेवटचा शून्य मोजायचा नाही, म्हणून डेक, उत्तर ४. नॉट इथे का येतो हे न कळता ही ओळ पाठ केलेली मुलं मी पाहिली आहेत. सोळा बिटांत नॉट म्हणजे ६५५३५ मधून वजाबाकी, एवढं कळलं की कोडं सुटतं.

आता तेच ‘पुणे’ देवनागरीत लिहून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत, साठवा आणि हाच प्रोग्राम चालवा. उत्तर १२ येईल. आपल्याला दिसतात दोन अक्षरं, पु आणि णे. युनिकोडच्या दृष्टीने ती चार चिन्हं आहेत: प, उकार, ण आणि मात्रा. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. नुसता प म्हणजे २२४, १६४, १७०. स्कॅसबीने चूक केलेली नाही, तिने बाइट मोजायचे होते आणि ते तिने अचूक मोजले. कॉपी करायला, शून्य शोधायला, दोन मजकूर तंतोतंत सारखे आहेत का हे बघायला बाइट पुरतात, आणि मराठी मजकुरालाही ही तिन्ही कामं बिनधोक लावता येतात. पण प्रॅक्टिकलच्या यादीतला ‘स्ट्रिंग उलटी करा’ हा प्रोग्राम देवनागरीवर चालवाल तर पहिलाच बाइट १३५ येईल. यूटीएफ-८ मध्ये कोणतंही चिन्ह त्या बाइटने सुरू होऊच शकत नाही, त्यामुळे पडद्यावर मजकुराच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हं दिसतील. तीन-तीन बाइटचे गट धरून उलटं केलं तरी मात्रा अक्षराच्या आधी जाऊन पडेल. मराठीत अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ठरवणं स्ट्रिंग इन्स्ट्रक्शनच्या कुवतीबाहेरचं काम आहे, ते वरच्या पातळीवरच करावं लागतं.

हे सगळं आता इतिहासजमा झालं असेल असं वाटण्याचा संभव आहे. उलट रेप मूव्हएसबी आज जास्त महत्त्वाची आहे. मधल्या काळात ती खरंच मागे पडली होती आणि हाताने लिहिलेले मोठ्या रजिस्टरचे लूप तिला हरवत. मग इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमध्ये एन्हान्स्ड रेप मूव्हएसबी आणली. तीत प्रोसेसर आतल्या आत एकेका बाइटऐवजी मोठे तुकडे हलवतो. पुढे २०१९ च्या आइस लेकमध्ये छोट्या कॉपीही वेगवान केल्या. चौसष्ट बिटांत रजिस्टर आरएसआय, आरडीआय आणि आरसीएक्स झाले, ईएसची कटकट संपली कारण डीएस आणि ईएस यांची सुरुवात शून्यच धरली जाते. लिनक्सवर फंक्शनला पहिली किंमत आरडीआय मध्ये आणि दुसरी आरएसआय मध्येच मिळते, त्यामुळे संपूर्ण मेमकॉपी चार इन्स्ट्रक्शनमध्ये बसते: परत द्यायचा पत्ता आरएएक्स मध्ये ठेवा, मोजणी आरसीएक्स मध्ये घ्या, रेप मूव्हएसबी, रिटर्न.

प्रीफिक्सने मात्र पुन्हा एकदा गोत्यात आणलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी शोधलेला ‘रेप्टार’ नावाचा दोष जाहीर झाला. छोट्या कॉपी वेगवान करणाऱ्या इंटेलच्या प्रोसेसरवर रेप मूव्हएसबीला रेक्स नावाचा एक अनावश्यक प्रीफिक्स जोडला, तर जो प्रीफिक्स नियमाप्रमाणे निमूटपणे दुर्लक्षित व्हायला हवा होता, त्यामुळे प्रोसेसर विचित्र वागू लागायचा. व्हर्च्युअल मशीनमधला साधा प्रोग्राम त्या मशीनला पोसणारा अख्खा सर्व्हर बंद पाडू शकत होता. इंटेलला मायक्रोकोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्राममध्ये, दुरुस्ती द्यावी लागली.

कमी आणि साध्या इन्स्ट्रक्शनचा आग्रह धरणाऱ्या आर्म या प्रोसेसर आखणाऱ्या कंपनीनेही अखेर ही वाट धरली. आर्मव्ही८.८ मध्ये मेमरी कॉपीच्या इन्स्ट्रक्शन आल्या: सीपीवायपी, सीपीवायएम आणि सीपीवायई, म्हणजे सुरुवात, मधला भाग आणि शेवट, तिघी एकामागून एक लिहायच्या. त्यांत सोर्स, डेस्टिनेशन आणि मोजणी कोणत्या रजिस्टरमध्ये आहे हे इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेलं असतं. दिशेचा फ्लॅग नाही. जागा एकमेकींवर येत असतील तर पुढून जायचं की मागून, हे हार्डवेअर स्वतः ठरवतं, आणि नक्की पुढूनच जायचं असेल तर त्यासाठी सीपीवायएफ हे वेगळं कुटुंब आहे. १९७८ मधली एक गोष्ट मात्र त्यांनीही तशीच ठेवली: काम कुठवर आलं ते त्याच तीन रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, आणि इंटरप्टनंतर कॉपी तिथूनच पुढे सुरू होते.